भिंतीवरच्या कॅलेंडरवरून सिनेमा कसा निवडायचा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. सिलिंडर कधी लावला, दूधवाल्याचे खाडे किती, आईच्या गोळ्या कधी संपतात हे सगळं त्यात पेनाने लिहिलेलं. आणि काही चौकटींच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने, सिनेमांची नावं. २२ फेब्रुवारीला ‘गांधी’. ३० ऑगस्टला ‘रामशास्त्री’. २३ सप्टेंबरला ‘अशी ही बनवाबनवी’. पेन्सिलीने अशासाठी, की वर्षभरात त्यातली निम्मी खोडून दुसरी लिहावी लागतात.

सुरुवात झाली बालगंधर्व रंगमंदिरात. भाच्याला घेऊन बालनाट्याला गेले होते. तिथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीभूमिकेतलं. भाचा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मावशी, हे दोघं बहीण-भाऊ का गं?” दोन्ही एकच माणूस आहे हे काही त्याला पटेना. घरी जाऊन लगेच सिनेमा लावून दाखवणार होते, पण दिनविशेष बघितला तर बालगंधर्वांचा जन्म २६ जून १८८८ चा आणि रंगमंदिराचं उद्घाटनसुद्धा २६ जूनलाच, १९६८ साली. तीन आठवड्यांवर होता तो दिवस. म्हटलं, थांबू. त्या तीन आठवड्यांत पोराने मला चार वेळा फोन करून विचारलं, कधी आहे म्हणून. एरवी सिनेमा लावला की दहाव्या मिनिटाला मोबाइल हातात घेणारा मुलगा सुबोध भावेंचा ‘बालगंधर्व’ शेवटपर्यंत बसून बघत होता.

तेव्हापासून हा उद्योग चालू आहे. चुका करत करत जी पद्धत बसली, ती सांगते.

आधी तारखा, मग सिनेमा

नवं कॅलेंडर दिवाळीच्या आसपास घरात येतं. तेव्हाच एक दुपार काढा. पेन्सिल, खोडरबर आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस जवळ असू द्या.

वर्षाला पंधरापेक्षा जास्त तारखा घेऊ नका. पहिल्या वर्षी मी उत्साहाने दर आठवड्याला एक धरली होती. फेब्रुवारीच्या पुढे गाडी गेली नाही. दिनविशेषांच्या याद्या उघडल्या की रोज कुणीतरी जन्मलेलं असतं आणि कुणीतरी गेलेलं असतं, त्याला अंत नाही. माझी चाळणी अशी: या तारखेबद्दल घरातल्या एकाला तरी, पुस्तक न उघडता, दोन वाक्यं बोलता येतात का? येत नसतील तर ती तारीख आपली नाही.

पुण्यात राहत असाल तर गावातल्याच तारखा आधी घ्या. त्या इतक्या आहेत की बाहेर बघायची वेळ क्वचित येते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. २६ फेब्रुवारीला आनंदीबाई जोशी गेल्या, १८८७ मध्ये, पुण्यातच, डॉक्टर होऊन परतल्यावर काही महिन्यांतच. ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर जोतीराव फुल्यांचे. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात पुणे करार झाला. १७ ऑक्टोबरला स्मिता पाटील यांचा जन्म, १९५५, तोही पुण्यातला. ८ नोव्हेंबर पु. लं.चा. एवढ्यांतच वर्ष भरतं.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी मी मुद्दाम मोकळे सोडते. त्या दिवशी प्रत्येक वाहिनीवर देशभक्ती चालू असते, आपण वेगळं काय करणार!

तारीख की तिथी

यावर घरोघरी भांडणं होतात, त्यामुळे जरा थांबून सांगते.

वारकरी संतांच्या बाबतीत प्रश्नच नाही, तिथीच. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला, बहुधा मार्चात येते. तिच्यानंतर चार दिवसांनी एकनाथ षष्ठी. ज्ञानेश्वरांची संजीवन समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीची, तेव्हा आळंदी भरलेली असते. तिन्हींसाठी सिनेमे पुण्यातच तयार झालेत. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात १९२९ मध्ये निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. त्यानंतर ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) असे सिनेमे तिने काढले. ‘धर्मात्मा’मध्ये एकनाथ झालेत ते खुद्द बालगंधर्व, पुरुषाच्या भूमिकेत. देऊसकरांच्या चित्रावरून प्रश्न विचारणाऱ्या भाच्याला पुढच्या वर्षी एकनाथ षष्ठीला हे दाखवलं तेव्हा त्याने पडद्याजवळ जाऊन खात्री करून घेतली.

‘संत तुकाराम’बद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. दामले आणि फत्तेलालांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबा. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे लोक आवर्जून सांगतात. पण माझी आई तो आवलीसाठी बघते. मुलगा तापाने फणफणलेला, घरात दाणा नाही, आणि आवली पायातली वहाण हातात घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. आई दर वेळी या जागी म्हणते, “बघ, ही खरी भक्ती.” सिनेमा भक्तिपट म्हणून टाळत असाल तर एकदा आवलीसाठी बघा.

आता शिवकाळ. इथे तारीखसुद्धा दिसते तितकी सरळ नाही. १९ फेब्रुवारी १६३० म्हणजे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. पण ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आपण आज वापरतो त्या ग्रेगरियन पद्धतीने तो दिवस १ मार्च येतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ सुद्धा तशीच, आजच्या हिशोबाने १६ जून. त्या शतकात दोन पद्धतींत दहा दिवसांचा फरक पडतो, आणि इंग्रजांनी नवी पद्धत १७५२ मध्ये घेतली. म्हणून ‘तारीखच खरी’ असं छातीठोक सांगणाऱ्या शेजाऱ्याशी वाद घालू नका, नुसतं हे सांगा आणि चहा घ्या.

मी स्वतः असं करते: संत आणि शिवकाळ तिथीने, इंग्रजी अमदानी आणि नंतरचं सगळं तारखेने. लाल महालावरचा छापा घ्या. ५ एप्रिल १६६३ ही तारीख मुलांच्या डोक्यात राहत नाही. पण ‘रामनवमीच्या आदल्या रात्री’ म्हटलं की राहते, कारण तिथी चैत्र शुद्ध अष्टमी. त्या रात्री ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) लावायचा. दुपारी लाल महाल बघून यायचा, पण मुलांना सांगायचं की आत्ता दिसतो तो महाल महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेला आहे. शाहिस्तेखानाची बोटं तुटली ती खिडकी शोधत आमचा भाचा अर्धा तास फिरला होता.

सिनेमा जुळवायचा कशावरून

बहुतेक लोक इथे एकच गोष्ट करतात: ज्याची जयंती त्याचं नाव टाकून शोधतात आणि जो चरित्रपट पहिला दिसेल तो लावतात. कधी कधी ते ठीक असतं, पण बऱ्याचदा त्याहून चांगला सिनेमा बाजूलाच असतो.

घटनेवरच सिनेमा असेल तर तोच घ्या. याचं सगळ्यात चोख उदाहरण पुण्याचंच आहे, कारण तारीख सिनेमाच्या नावातच आहे: ‘२२ जून १८९७’. नचिकेत आणि जयू पटवर्धन या वास्तुरचनाकार जोडप्याने १९७९ मध्ये केलेला. प्लेगच्या साथीत घरांची झडती घेणारा कमिशनर रँड, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची गणेशखिंडीतली मेजवानी, आणि तिथून रात्री परतणाऱ्या बग्ग्या. त्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला; रँड ३ जुलैला. हा सिनेमा बघायचा असेल तर २२ जूनलाच बघा. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीवरून जाताना, म्हणजे तेव्हाच्या गव्हर्न्मेंट हाउसवरून, नजर आपोआप वळते.

कलावंत असेल तर चरित्रपट मागे ठेवा आणि त्याचं काम बघा. स्मिता पाटील यांच्या जयंतीला त्यांच्यावरचा माहितीपट बघण्यापेक्षा ‘उंबरठा’ किंवा ‘जैत रे जैत’ बघावा. पु. लं.साठी ‘भाई: व्यक्ती की वल्ली’ दोन भागांत आहे, २०१९ चा. पण ८ नोव्हेंबरला मी आधी १९५३ चा ‘गुळाचा गणपती’ लावते. त्यात ते लेखक, दिग्दर्शक, संगीतकार आणि नायक सगळंच आहेत, म्हणून तर ‘सबकुछ पु. ल.’ म्हणतात. माणूस कसा होता हे नट सांगतो त्यापेक्षा तो स्वतः जास्त सांगतो.

या वाटेने गेलात की एक फायदा होतो: एकच सिनेमा दोन-तीन तारखांना चालतो. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) राजा परांजप्यांसाठी २४ एप्रिलला लावता येतो, सुधीर फडक्यांसाठी २५ जुलैला आणि ग. दि. माडगूळकरांसाठी १ ऑक्टोबरला. तसाच ‘बाजी’ (१९५१). गुरुदत्त ९ जुलैचे, देव आनंद २६ सप्टेंबरचे. दोघांची ओळख पुण्यात प्रभातमध्ये झाली, धोब्याने शर्टांची अदलाबदल केल्यामुळे झाली असं सांगतात. मी दिग्दर्शक झालो तर तू नायक, असं तेव्हा ठरलं आणि गुरुदत्तांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा ‘बाजी’, नायक देव आनंद. प्रभातची जागा म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट, लॉ कॉलेज रोडवर. तेवढी गोष्ट सांगितली तरी सिनेमा आपल्या गल्लीतला वाटायला लागतो.

जागेवरूनही जुळवता येतं. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गेल्या. अॅटनबरोंच्या ‘गांधी’चं काही चित्रीकरण त्याच पॅलेसमध्ये झालंय आणि त्यात कस्तुरबा झाल्यात पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी. दुपारी नगर रस्त्यावर जाऊन कस्तुरबा आणि महादेवभाई देसाईंच्या समाध्या बघून यायचं, रात्री सिनेमा.

आणि ज्या घटनेवर सिनेमाच सापडत नाही तिथे मी ‘त्याच वर्षीचा’ सिनेमा शोधते. मला स्वतःला हीच युक्ती सगळ्यात आवडते. २४ जानेवारी १९४३ ला कॅम्पातल्या कॅपिटॉल चित्रपटगृहात क्रांतिकारकांनी बॉम्बस्फोट केला. हेच ते चित्रपटगृह, जे पुढे व्हिक्टरी झालं. त्या दिवसासाठी मी १९४३ चाच ‘किस्मत’ लावला. वरवर बघता चोराची आणि लंगड्या मुलीची गोष्ट, बॉम्बचा काही संबंध नाही. पण त्यात कवी प्रदीपांचं ‘दूर हटो ऐ दुनियावालो, हिंदुस्तान हमारा है’ आहे. युद्ध चाललेलं, चले जावमधले पुढारी तुरुंगात, आणि लोक तिकीट काढून अंधारात हे गाणं ऐकत होते. १९४३ मधलं थेटर काय चीज असेल ते या एका गाण्यात कळतं.

विषयावरून जुळवणं मी शेवटी ठेवते, कारण ते फार सैल होतं. तरी २१ सप्टेंबरच्या अल्झायमर दिनाला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा ‘अस्तु’ मी कधी खोडलेला नाही. स्मृती गेलेले संस्कृतचे पंडित, मोहन आगाशे, हत्तीच्या मागे मागे चालत निघून जातात. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी मात्र एकट्याने आधी बघून घ्यावा, मग ठरवावं.

एक सावधगिरी. प्रदर्शनाची तारीख आणि माणसाची तारीख यांची गल्लत होते. ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ ला आला आणि आमच्या सोसायटीत निम्म्या जणांना तीच संभाजीराजांची तारीख वाटायला लागली. जन्म १४ मे १६५७ चा, पुरंदरावरचा; मृत्यू ११ मार्च १६८९ चा. ‘फुले’ तर ११ एप्रिलला येणार म्हणून जाहीर होऊन २५ एप्रिलला आला. जाहिरातीवरून तारीख कधी लिहू नका.

दोन दिनविशेष एकाच दिवशी आले तर

१ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. २६ जूनला बालगंधर्वांबरोबर शाहू महाराजांचीही जयंती. १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर, आणि त्याच रात्री, १९१२ मध्ये, टायटॅनिक हिमनगावर आदळली. आमच्याकडे यावर एक पद्धत पडली आहे: एक यंदा, दुसरा पुढच्या वर्षी. १४ एप्रिलला मात्र दर वर्षी जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, मामुट्टी असलेला. ‘टायटॅनिक’ हवा असेल त्याने १५ तारखेला बघावा. जहाज तसंही १५ लाच बुडालं, पहाटे २ वाजून २० मिनिटांनी.

मिळवायचा कसा

आठ दिवस आधी शोधा, त्याच संध्याकाळी नाही. एकदा एका ओटीटी मंचावर महिनाभर दिसत असलेला सिनेमा नेमक्या त्या रात्री गायब झाला होता; करार संपला असेल. पाहुणे बसलेले, भेळ कालवलेली, आणि पडद्यावर ‘उपलब्ध नाही’.

शोधताना नाव देवनागरीत टाकून बघा आणि रोमनमध्येही, दोन्हींचे निकाल वेगळे येतात. नावापुढे साल जोडा. फुल्यांवर आचार्य अत्र्यांचा ‘महात्मा फुले’ (१९५४) आहे, ‘सत्यशोधक’ (२०२४) आहे, ‘फुले’ (२०२५) आहे. ‘श्यामची आई’ तर दोन आहेत. १९५३ चा अत्र्यांचा, ज्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि २०२३ चा.

जुना सिनेमा असेल तर लांबी तपासा. ‘संत तुकाराम’ सव्वादोन तासांच्या आतबाहेर आहे. तुम्हाला मिळालेली प्रत दीड तासाची असेल तर कुणीतरी गाणी कापलीत. प्रतींची ही दशा का, त्यालाही एक तारीख आहे. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागून जुनी नायट्रेट रिळं जळाली, त्यात प्रभातचीही होती. नायट्रेट फिल्म पेट घेते तेव्हा विझवता विझत नाही.

पुण्यात राहण्याचा फायदा घ्या. लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात अधूनमधून जुने सिनेमे दाखवतात, फिल्म क्लबांचे खेळही होतात. जानेवारीत ‘पिफ’, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. घरच्या टीव्हीवर रटाळ वाटलेला १९३० च्या दशकातला सिनेमा मोठ्या पडद्यावर, चारशे लोकांच्या खोकल्याखाकऱ्यांत, एकदम जिवंत होतो.

सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचा असेल तर हक्कांचं बघा. तिकीट लावलं नाही म्हणून तो घरगुती खेळ होत नाही, आणि ओटीटीचं वर्गणीखातं घरापुरतंच असतं. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे प्रभातचे सिनेमे त्यातून केव्हाच बाहेर पडलेत, तर ‘उंबरठा’ अजून आत आहे. सार्वजनिक खेळासाठी मी जुनेच निवडते. कटकट नाही, आणि आजी-आजोबा खूश.

कोण बघणार, किती वाजता

आधी वार बघा. आठवड्याच्या मधला दिवस असेल तर दोन तासांच्या वरचा सिनेमा लावू नका. साडेआठला जेवणं उरकून बसलात तर साडेदहाला मुलं झोपतात. ‘गांधी’ तीन तास अकरा मिनिटांचा, तो दोन रात्रींत करा. २१ ला अर्धा, २२ ला उरलेला, म्हणजे आगाखान पॅलेसचा भाग नेमका त्या तारखेला येतो.

लहान मुलं असतील तर प्रमाणपत्र बघा. आता नुसतं यू/ए नसतं, त्यापुढे ७, १३ किंवा १६ वर्षं लिहिलेलं असतं. ‘छावा’चा शेवट सात-आठ वर्षांच्या मुलांसमोर लावू नये, असं माझं मत आहे आणि त्यावर मी शेजारणीशी भांडलेही आहे. त्या वयाला ३ मे चांगला. १९१३ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यासाठी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावा, फाळक्यांची धडपड बघून मुलं पोट धरून हसतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी इंग्रजी उपशीर्षकं चालू करायला लाज वाटू देऊ नका. अभंग मात्र आजीने समजावावेत, उपशीर्षकात त्यांची वाट लागते.

आणि पावसाळा. एका वर्षी २२ जूनला मी गच्चीवर पडदा लावला. दोन दोऱ्या, एक पांढरी चादर, मागून आणलेला प्रोजेक्टर. ढग होते, पण पुण्यातले ढग काय, नुसते येऊन जातात. वीस मिनिटं झाली नसतील तर असा कोसळला, की प्रोजेक्टरवर मी स्वतःची ओढणी टाकली आणि माणसं जिन्यात. उरलेला सिनेमा सतरा जणांनी एका लॅपटॉपवर बघितला, तळमजल्यावर सायकलींच्या मधे बसून. जून ते सप्टेंबर घरातच.

चालून या

सिनेमाच्या आधी जागा बघावी की नंतर, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. मी नंतरच्या बाजूची. ‘रामशास्त्री’ (१९४४) बघून दुसऱ्या दिवशी शनिवारवाड्यात गेलं, की ‘काका मला वाचवा’ ही आरोळी पर्यटकांसाठीची भुताची गोष्ट राहत नाही. त्या खुनाबद्दल खुद्द राघोबाला शासन सांगणारा न्यायाधीश आपण आदल्या रात्री बघितलेला असतो, गजानन जागीरदारांच्या रूपात. ३ जानेवारीला दगडूशेठ गणपतीसमोर जाऊन, फुले दांपत्याची मुलींची शाळा जिथे भरली त्या भिडेवाड्याची जागा दाखवा. जुनी इमारत २०२३ मध्ये पाडली. तिथून गंज पेठेतला फुलेवाडा पायी गाठता येतो. १ ऑगस्टला केसरीवाडा.

बघून झाल्यावर लगेच खरंखोटं काढत बसू नका, सिनेमाची मजा जाते. दुसऱ्या दिवशी जेवताना मी एकच प्रश्न विचारते: यातलं काय घडलं नसेल? ‘बाजीराव मस्तानी’नंतर काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या असतील का, हा प्रश्न सातवीतल्या मुलीनेही सोडवला. “तिच्या सासूबाईंनी नाचू दिलं असतं होय?” असं म्हणाली ती. इतिहासाच्या तासाला हे सुचलं नसतं.

घरातले वाढदिवस

इथे दोन वाटा आहेत: जन्मतारीख आणि जन्मसाल. तारखेवरून शोधलं की बहुधा कुणीतरी परदेशी शास्त्रज्ञ हाती लागतो. सालावरून शोधलेलं घरच्यांना जास्त भावतं. बाबा १९४७ चे असतील तर ‘लोकशाहीर राम जोशी’, काका १९७२ चे तर ‘पिंजरा’, १९७५ चा दादा असेल तर विचारायलाच नको, ‘शोले’.

आई १९५३ ची. त्या वर्षीचे दोन सिनेमे हाताशी होते. मी हौसेने ‘श्यामची आई’ काढला, तर म्हणाली, “वाढदिवसाला रडवता का मला?” मग ‘गुळाचा गणपती’. त्यात भीमसेनांचं ‘इंद्रायणी काठी’ सुरू झालं तेव्हा तिने केकची बशी टीपॉयवर ठेवली आणि गाणं संपेपर्यंत हात लावला नाही.

आणि भाचा २३ सप्टेंबरचा. १९८८ मध्ये त्याच तारखेला ‘अशी ही बनवाबनवी’ लागला होता. पुण्यात घर मिळवण्यासाठी दोन पुरुषांना साड्या नेसाव्या लागतात, ही अडचण त्याला आता पूर्ण समजते. स्त्रीवेषातले पुरुष हा त्याचा अभ्यासाचा विषयच झालाय. मी त्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलं होतं. त्याने त्यावर, माझ्या सिलिंडरच्या नोंदीवरूनच, निळ्या पेनाने गिरवून ठेवलंय.